लॉगमधला लाल रंग नेमका कुठे चढवायचा?

"दादा, स्क्रीनवर एरर लाल दिसतायत. मग फाईलमध्ये शोधल्यावर एकही का सापडत नाही?"

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात जूनमध्ये रुजू झालेल्या एका मुलीने मागच्या आठवड्यात मला हे विचारलं. आमच्या पायथनमधल्या सर्व्हिसच्या लॉगला रंग द्यायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सगळं झकास दिसत होतं. पण तीच लॉग फाईल एडिटरमध्ये उघडली, की प्रत्येक ओळीत एक टोपीसारखं चिन्ह, त्यापुढे दोन चौकोनी कंस, मग ३१ आणि इंग्रजी एम, असं काहीतरी घुसलेलं. आणि 'एरर' हा पूर्ण शब्द शोधायला ग्रेप, म्हणजे फाईलमध्ये शब्द शोधायची कमांड, चालवलं तर हाती शून्य.

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो, कारण याच चुकीपायी काही वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाचं काम रात्रभर बंद राहिलं होतं. तिला त्या दुपारी जे समजावलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो. प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यालाही कळावं, असा प्रयत्न आहे.

आधी लॉग म्हणजे काय ते पाहू. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका एक रजिस्टर ठेवतात. कोण आलं, किती वाजता, कुठल्या फ्लॅटला. रोज ते रजिस्टर कोणी वाचत नाही, पण एखाद्याची सायकल चोरीला गेली की सगळे त्याच्यावर वाकतात. सॉफ्टवेअरचा लॉग हे तसंच रजिस्टर. प्रोग्राम चालताना स्वतःच ओळी लिहीत जातो: वेळ, प्रोग्रामच्या कुठल्या भागातून, काय घडलं. आणि यात एक रकाना असतो जो वॉचमनकाकांकडे नसतो, तो म्हणजे लेव्हल. घडलेली गोष्ट किती गंभीर आहे, हे तो सांगतो. पायथनमध्ये अशा पाच लेव्हल आधीपासून ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला एक आकडा आहे: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आकडा जितका मोठा, तितकं प्रकरण गंभीर. युनिक्सच्या जगातल्या सिसलॉग या लॉग लिहिण्याच्या पद्धतीत बरोबर उलटं असतं. तिथे ० ते ७ अशा आठ लेव्हल आहेत आणि ० म्हणजे सगळ्यात मोठं संकट. दोन्हींशी काम पडणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

एका सर्व्हिसच्या दिवसभरात अशा हजारो ओळी सहज होतात. त्यातली महत्त्वाची ओळ डोळ्यांना चटकन सापडावी, एवढ्यासाठीच रंग. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. रात्री अडीच वाजता झोपेतून उठून लॅपटॉप उघडलेल्या माणसाला लाल ओळ शोधावी लागत नाही, तीच त्याच्या डोळ्यांत भरते.

रंग हीसुद्धा अक्षरंच

टर्मिनलला प्रोग्रामकडून फक्त अक्षरं मिळतात. मग रंग कसा पोचतो? तर अक्षरांच्या वेषातच. एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर आहे, आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात, त्याचा क्रमांक २७. ते अक्षर, त्यानंतर उघडणारा चौकोनी कंस, मग आकडा आणि शेवटी लहान एम, असं आलं की टर्मिनल समजतं की हा मजकूर छापायचा नाही, ही सूचना आहे. ३१ म्हणजे इथून पुढे लाल. ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा. ३० ते ३७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ अक्षरांमागच्या पट्टीचे, ९० ते ९७ त्याच रंगांच्या उजळ छटा. आणि ० म्हणजे सगळं पूर्ववत. हा शून्य द्यायला विसरलात तर प्रोग्राम संपल्यावरही टर्मिनल लालच राहतं, तुम्ही टाइप करता ते अक्षरसुद्धा लाल उमटतं.

एडिटरमध्ये दिसलेल्या टोपीचा उलगडा इथेच होतो. एडिटर सूचना पाळत नाही, तो फाईलमध्ये जे आहे ते दाखवतो. एस्केप हे अक्षर छापता येत नाही म्हणून त्याच्या जागी टोपी आणि कंस ही जोडी दाखवतो. त्यापुढे सूचनेतला खरा कंस येतो. म्हणून कंस दोन दिसतात.

ही पद्धत बरीच जुनी आहे. अशा सूचनांचं एक्मा-४८ हे प्रमाण पहिल्यांदा १९७६ साली निघालं आणि डीईसी या अमेरिकन कंपनीच्या व्हीटी१०० या १९७८ च्या टर्मिनलमुळे ही भाषा सगळीकडे रुजली. व्हीटी१०० स्वतः एकरंगी होतं, पण कर्सर हलवायला आणि स्क्रीन पुसायला एस्केपने सुरू होणाऱ्या याच सूचना वापरायचं. तुमच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी आजही त्याच जुन्या यंत्राची भाषा बोलते. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट मात्र विंडोज १० च्या आधी ही भाषा समजत नसे. म्हणून पायथनवाल्यांना कलरामा ही लायब्ररी मध्ये दुभाषी म्हणून बसवावी लागायची.

आता मोजणी करू, कारण पुढची निम्मी दुखणी याच मोजणीतून निघतात. लाल सुरू करायला एस्केप, कंस, ३, १, एम, अशी पाच अक्षरं. बंद करायला एस्केप, कंस, ०, एम, अशी चार. म्हणजे एका रंगीत शब्दाला नऊ अदृश्य अक्षरं चिकटतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इतर अक्षरांइतकीच खरी असतात.

ओळ तयार होते कशी

पायथनच्या लॉगिंगमध्ये तीन पात्रं ओळखीची झाली की पुरे. लॉगर, हँडलर आणि फॉर्मॅटर. तुमच्या कोडने लॉगरला सांगितलं, 'एरर, बँकेकडून उत्तर नाही.' लॉगर लगेच ओळ लिहीत नाही. तो एक रेकॉर्ड तयार करतो, म्हणजे भरलेला फॉर्म समजा. वेळ, लेव्हल, फाईलचं नाव, संदेश, सगळं आपापल्या रकान्यात. मग हा फॉर्म तो एकेका हँडलरकडे देतो. एक हँडलर स्क्रीनवर लिहिणारा, दुसरा फाईलमध्ये. प्रत्येक हँडलरचा स्वतःचा फॉर्मॅटर असतो आणि त्या फॉर्मवरून वाचायची ओळ बनवणं हे त्याचं काम.

यावरून कळतं की रंग द्यायची जागा एकच आहे: स्क्रीनच्या हँडलरचा फॉर्मॅटर. संदेशात नाही, लॉगरमध्ये नाही, फाईलच्या वाटेवर तर मुळीच नाही. घरात चपला कुठे काढायच्या हे ठरलेलं असतं, तितकं हे पक्कं हवं.

त्या मुलीनेही रंग फॉर्मॅटरमध्येच दिला होता. स्क्रीनचा फॉर्मॅटर वेगळा, फाईलचा वेगळा. मग फाईलमध्ये रंग आला कुठून?

तिचा कोड असा होता: फॉर्मॅटरमध्ये रेकॉर्ड आला की त्यातल्या लेव्हलच्या नावाच्या मागेपुढे रंगाच्या सूचना लावायच्या, ते नाव रेकॉर्डमध्ये परत ठेवायचं आणि मग नेहमीची ओळ बनवून घ्यायची. चार ओळींचा, दिसायला निर्दोष कोड. पण फॉर्म एकच आहे! लॉगर प्रत्येक हँडलरसाठी नवा फॉर्म भरत नाही, तोच फॉर्म या हातातून त्या हातात जातो. स्क्रीनच्या फॉर्मॅटरने त्यावर लाल शाईने लिहिलं आणि फाईलच्या हँडलरला तो तसाच मिळाला. त्यात आणखी खोच अशी, की फाईलचा हँडलर आधी जोडलेला असेल तर काहीच बिघडत नाही. त्याला फॉर्म रंग लागण्याआधीच मिळतो. म्हणून हीच चूक एका प्रोजेक्टमध्ये दिसते, दुसऱ्यात दिसत नाही, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय दोन. एक तर रेकॉर्डची कॉपी काढायची आणि कॉपीला रंग द्यायचा. किंवा रेकॉर्डला हातच लावायचा नाही, ओळ पूर्ण तयार झाल्यावर तिला रंग चढवायचा. फक्त लेव्हलचा शब्द रंगवायचा असेल तर मी पहिला उपाय वापरतो. एक जागा मात्र तरीही सांभाळावी लागते. एक्सेप्शनचा ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्राम कुठे आणि कसा अडखळला याचा माग, पायथन एकदाच मजकुरात बदलतो आणि तो मजकूर त्याच रेकॉर्डवर जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या हँडलरचे कष्ट वाचावेत. मूळ रेकॉर्डवरच काम करताना तो ट्रेसबॅक तुम्ही रंगवलात, तर ती रंगवलेली प्रतही फाईलमध्ये जाऊन बसते.

ग्रेप गप्प का बसलं

फाईलमध्ये थोडी जास्तीची अक्षरं आली तर बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. ग्राहकाचं काम बंद पडलं त्या रात्रीपर्यंत मीही तसंच समजत होतो.

आमच्याकडे तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट होती. दर पाच मिनिटांनी ती लॉग फाईलमध्ये 'एरर' हा शब्द शोधायची आणि सापडला की ड्यूटीवरच्या माणसाला मेसेज पाठवायची. इंग्रजी 'टेररिस्ट'सारख्या शब्दांनी फसू नये म्हणून ती पूर्ण शब्दच शोधायची. ग्रेपला तसा पर्याय देता येतो. शुक्रवारी संध्याकाळी माझा रंगीत फॉर्मॅटर सर्व्हरवर गेला. त्या रात्री २:१० ला डेटाबेसची डिस्क भरली आणि एरर सुरू झाले. एकही मेसेज आला नाही. सकाळी सातला ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं. घाईघाईत लॉग उघडला, तर त्या तारखेला दोनच्या पुढे एकही ओळ दिसली नाही. आणखी काही मिनिटं गेल्यावर लक्षात आलं, की लॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले रात्रीचे २:१० तिथे आदल्या तारखेचे २०:४० होते. तेव्हापासून लॉगच्या वेळेपुढे ती कुठल्या पट्ट्यातली आहे हे लिहिल्याशिवाय मी फॉर्मॅट पक्का करत नाही.

मेसेज न येण्याचं कारण मात्र त्या एका एममध्ये होतं. लाल रंगाची सूचना एम या अक्षराने संपते आणि त्याला लागूनच 'एरर' सुरू होतो, मध्ये जागा नाही. ग्रेपच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर हे सगळे शब्दाचे घटक. म्हणून त्याला 'एम' आणि 'एरर' हे दोन वेगळे दिसलेच नाहीत, 'एमएरर' असा एक सलग शब्द दिसला. पूर्ण शब्द 'एरर' कुठेच नव्हता. ग्रेपने खरं तेच सांगितलं होतं. फाईलमध्ये लिहिलेलं मात्र माणसाच्या डोळ्यांसाठी होतं, आणि ती फाईल वाचत होती एक स्क्रिप्ट.

त्या मुलीच्या फाईलमध्येही हेच झालं होतं.

खरं तर सर्व्हरवर त्या फॉर्मॅटरने रंग द्यायलाच नको होता, कारण तिथे बघायला कोणी नव्हतं. आपलं लिखाण टर्मिनलवर जातंय की फाईलमध्ये, हे प्रोग्रामला विचारता येतं. या चौकशीचं नाव इझ-ए-टी-टी-वाय. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, तारयंत्राच्या जमान्यातलं यंत्र. उत्तर 'हो' आलं तर रंग, 'नाही' आलं तर कोरी अक्षरं. ग्रेप आणि एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) यांना 'रंग ऑटो' असं सांगितलं की तीही हेच विचारतात. म्हणून एलएसची यादी स्क्रीनवर रंगीत दिसते आणि तीच फाईलमध्ये वळवली की साधी होते.

यावर माणसाचा हुकूम चालायला हवा. २०१७ पासून एक संकेत रूढ होत गेला आहे: नो-कलर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी सेटिंग) असेल आणि ते रिकामं नसेल, तर प्रोग्रामने स्वतःहून रंग देऊ नये. उलट बाजूची सोयही लागते. जेनकिन्सवर, म्हणजे कोड आपोआप तयार करून तपासणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड चालतं तेव्हा समोर टर्मिनल नसतं, पण प्लगइन बसवलं असेल तर तिथल्या कन्सोलवर रंग दिसू शकतात. तेव्हा 'मी सांगतोय, रंग दे' असं म्हणता यावं. जावातल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कने यासाठी तीन शब्द ठेवलेत: ऑल्वेज, डिटेक्ट, नेव्हर. न सांगता डिटेक्ट. मला ही रचना आवडते, आणि स्वतःचा फॉर्मॅटर लिहिताना हेच तीन पर्याय ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो.

रकाने का सरकतात

हे थोडक्यात. लेव्हलचं नाव आठ अक्षरांच्या रकान्यात बसवलं की 'इन्फो' असो की 'क्रिटिकल', पुढचे संदेश एका रेषेत येतात. इंग्रजीतला 'एरर' पाच अक्षरी, तीन जागा रिकाम्या भरल्या जातात. पण आधी रंग दिलात तर तो पाच अधिक नऊ, म्हणजे चौदा अक्षरी होतो. रकाना आठचा असल्याने एकही जागा भरली जात नाही आणि संदेश डावीकडे सरकतो. म्हणून आधी रुंदी, मग रंग.

कुठला रंग कशाला

इथे मात्र रेंगाळायला हवं, कारण कोड बरोबर असूनही लॉग वाचवत नाही तो इथल्या चुकीमुळे.

जुलैत पुण्यात राहणाऱ्याला रंगांचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. हवामान खात्याचे चार रंग शाळकरी पोरालाही पाठ असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. घाटमाथ्याला लाल इशारा आला की ताम्हिणीचा बेत रद्द होतो, शाळेच्या सुट्टीचा मेसेज येतो का ते लोक बघू लागतात. हे जमतं कारण रंग चारच आहेत, प्रत्येकाबरोबर काय करायचं ते ठरलेलं आहे आणि लाल रोज येत नाही. रोज आला असता तर भिडे पुलावर पाणी चढलं तरी कोणी मान वर करून पाहिलं नसतं.

लॉगला हाच नियम लावा. इन्फोला मी रंगच देत नाही. नव्वद टक्के ओळी हिरव्या केल्या तर हिरव्याला काही अर्थ उरत नाही. वॉर्निंग पिवळी, एरर लाल, क्रिटिकल लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत. पूर्ण ओळ रंगवायची नाही, फक्त लेव्हलचा शब्द; संदेश वाचायचा असतो आणि तो साध्या रंगातच नीट वाचला जातो. जावाच्या लॉगबॅक या लॉगिंग लायब्ररीत तयार मिळणारी हायलाइट ही रंगसोय मला म्हणूनच पटत नाही. ती एररला ठळक लाल देते आणि वॉर्निंगलाही लालच, नुसतं ठळक नसलेलं. धावत्या ओळींमध्ये हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. शिवाय इन्फोला निळा. काळ्या पडद्यावर ३४ नंबरचा निळा बऱ्याच टर्मिनलवर जवळजवळ बुडून जातो.

बुडण्याचं आणखी एक ठळक उदाहरण तिच्याच मशिनवर सापडलं. डीबगच्या ओळी फिकट दिसाव्यात म्हणून तिने ९० नंबर दिला होता. तो काळ्याची उजळ छटा, म्हणजे करडा. शेजारच्या टेबलावर तोच कोड चालवला तर डीबगच्या ओळी गायब! तिथल्या मुलाच्या टर्मिनलला सोलराइज्ड या रंगसंचाची गडद थीम होती आणि त्या थीममध्ये ९० नंबरचा रंग हाच पार्श्वभूमीचाही रंग आहे. ओळी तिथेच होत्या, फक्त पडद्यात मिसळल्या होत्या. ३१ म्हणजे नेमका कुठला लाल, हे तुम्ही ठरवत नाही, वाचणाऱ्याची थीम ठरवते. अचूक छटा पाठवायची सोय आहे, तांबडा, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे देऊन. पण मग पांढरी थीम वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर तुम्ही स्वतःच्या काळ्या पडद्याची निवड लादता. मूळ रंग वापरावेत, करड्याच्या वाट्याला जाऊ नये, आणि काळ्या व पांढऱ्या दोन्ही थीमवर एकदा डोळ्यांखालून घालावं, असं माझं मत.

आणि लेव्हलचा शब्द कधीही काढू नये. 'लाल आहे म्हणजे एररच, शब्द कशाला' असं एकाने मला ऐकवलं होतं. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे पुरुषांमध्ये जास्त आढळतं, कारण त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषांकडे ते एकच असतं. पंधरावीस जणांच्या टीममध्ये असा एखादा जण असू शकतो, आणि तो हे कधी बोलून दाखवत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर चिकटवलेल्या ओळीत रंग उरत नाही, शब्द उरतो.

जाता जाता सुरक्षेचं एक. लॉगमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर जात असेल, नाव, पत्ता, काहीही, तर त्यातली एस्केप आणि नव्या ओळीची अक्षरं आधी निकामी करा. नाहीतर बाहेरचा माणूस तुमच्या टर्मिनलला सूचना देऊ शकतो, किंवा तुमच्या लॉगमध्ये खरी वाटेल अशी खोटी ओळ घुसवू शकतो.

त्या दुपारी तिने रेकॉर्डची कॉपी काढणारी एक ओळ घातली, रुंदीची ओळ रंगाच्या वर नेली, टर्मिनलची चौकशी जोडली. लॉग फाईल रिकामी करून टेस्ट पुन्हा चालवली. एडिटरमध्ये टोप्या नव्हत्या. ग्रेपने तीन ओळी काढून दिल्या, स्क्रीनवरही लाल तीनच.

त्यातली मधली ओळ तिने परत वाचली. 'बँकेच्या गेटवेकडून उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे.' खालच्याच ओळीत, एका सेकंदाने, पेमेंट यशस्वी.

"दादा, ही लाल हवी का?"

"यासाठी रात्री कोणाला उठवशील का?"

"नाही."

तिने त्या ओळीची लेव्हल वॉर्निंग केली आणि टेस्ट परत लावली. आता लाल दोन होत्या.